तीन नंबरच्या खोलीतली कॉट

मी राहते नांदेडला आणि माझं भाड्यानं दिलेलं घर आहे लातूरला. हे ऐकलं की लोकांना वाटतं, बाईनं लई विचार करून पैसा गुंतवला असणार. तो विचार माझा नव्हता. नासिरभाऊंचा होता.

नासिरभाऊ माझ्या नवऱ्याचे मित्र. दोघं देगलूरचे, एका गल्लीतले. दहावीनंतर दोघंही नांदेडला आले. वैजनाथ कॉलेजला, नासिरभाऊ आयटीआयला. चार वर्षं एका खोलीत राहिले, एकाच स्टोव्हवर शिजवून खाल्लं. पुढे वैजनाथना रेल्वेच्या ऑफिसात कारकुनाची नोकरी लागली, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतेच, आणि आम्ही नांदेडचे झालो. नासिरभाऊंचं बिऱ्हाड उदगीरला गेलं, पण धंदा त्यांनी लातुरात मांडला. वायरिंगचं काम. बोळात एक चिंचोळं दुकान, आठवडाभर त्याच्याच माळ्यावर झोपायचं आणि शुक्रवारी उदगीरला आई, बायको आणि लेकीकडे जायचं.

वैजनाथ गेले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. ऑफिसात बसल्या जागी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. नासिरभाऊ लातूरहून मोटारसायकलवर आले ते दिवस होईपर्यंत थांबले. पाहुण्यांची ने-आण, पाणी, मंडप, सगळं त्यांनी पाहिलं. जाताना मला म्हणाले, "वहिनी, कुठल्याही कागदावर सही करायची वेळ आली की आधी मला फोन करा. कुणी कितीबी जवळचं असू द्या."

चार-पाच महिन्यांनी वैजनाथचे पैसे हातात आले आणि जवळची माणसं दिसायला लागली. दिरांना प्लॉट घ्यायचा होता, त्यात भागी हवी होती. शाळेतले एक गुरुजी शेअर बाजाराचं सांगायचे. मी सगळ्यांना हो हो म्हणायची आणि घरी येऊन दार लावून बसायची. माझी ऋतुजा तेव्हा लातूरला नीटच्या क्लासला होती. तिला पैसे द्यायला गेले की तिची खोली पाहून जीव खाली-वर व्हायचा. एका खोलीत चार पोरी, अठरा जणींना दोन बाथरूम, उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड. एकदा तिच्या खोलीतला पंखा दुरुस्त करायला नासिरभाऊ आले होते. स्टुलावर उभे राहूनच ते म्हणाले,

"वहिनी, ह्या घरमालकाला पोरी महिन्याच्या महिन्याला पैसे देतात, आणि हा पंख्याचं कंडेन्सर बदलत नाही. तुम्ही एक घर घ्या इथं. चांगलं चालवा. बँकेत पैसा झोपून राहतो, घरात घातला तर काम करतो."

"मला काय कळतं भाऊ त्यातलं?"

"मला कळतं की. ह्या भागातल्या निम्म्या घरांच्या भिंतीत माझी वायर हाय."

ते खरंच होतं. पुढचे पाच-सहा रविवार मी नांदेडहून पहाटेची बस धरायची. लोहा, अहमदपूर, चाकूर करत साडेनऊला लातुरात उतरायची, आणि नासिरभाऊ स्टँडवर उभे असायचे. त्यांनी मला घर बघायला शिकवलं. रंगाकडे बघायचं नाही, छताच्या कोपऱ्यांकडे बघायचं. बोअरला उन्हाळ्यात पाणी किती असतं ते मालकाला नाही, शेजारणीला विचारायचं. क्लासपासून पोरीला अंधारात किती चालावं लागतं ते स्वतः चालून बघायचं. एक घर मला फार आवडलं होतं. त्यांनी वरच्या मजल्याचा परवाना मागितला आणि मालक गडबडला. नासिरभाऊ म्हणाले, "चला वहिनी. ज्या घराचा कागद लपतो त्या घरात झोप लागत न्हाई."

शेवटी मिळालं ते एका निवृत्त तलाठ्याचं दुमजली घर. सहा खोल्या, मागं थोडी मोकळी जागा, एक लिंबाचं झाड. वैजनाथच्या पैशांतून निम्मी किंमत भागत होती. बाकीच्यासाठी कर्ज. पहिल्या बँकेतल्या साहेबांनी मला विचारलं, "राहता नांदेडला, घर लातूरला, कशासाठी?" मी म्हटलं, भाड्यानं देण्यासाठी. ते म्हणाले, अजून न आलेलं भाडं आम्ही उत्पन्नात धरत नाही, आणि तुमच्या पगारावर एवढं कर्ज बसत नाही. दुसरीकडे वकिलाच्या तपासणीतच दोन महिने गेले. तिसऱ्या बँकेत नासिरभाऊंच्या ओळखीचा माणूस होता. त्यानं नियम वाकवला नाही, पण कुठला कागद आधी लावायचा आणि कुठला नंतर, ते नीट सांगितलं. माझी निवृत्ती होईपर्यंतचे हप्ते ठरले. कॉट, गाद्या, टाक्या ह्यांच्यासाठी शिक्षकांच्या पतसंस्थेतून वेगळं कर्ज काढलं. शाळेतल्या दोन सहकाऱ्यांनी जामीन म्हणून सह्या केल्या. बँकेत शेवटच्या कागदावर सही करायच्या आधी मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. नासिरभाऊ शेजारच्या खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "वैजू असता तर एवढ्या सह्या करताना त्यानं दोनदा चहा पिला असता." वैजनाथ गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले ते तिथं, बँकेत.

वायरिंग त्यांनी स्वतः केलं. दोन पोरं हाताखाली होती, पण बोर्ड सगळे त्यांनी आपल्या हातानं बसवले. प्रत्येक कॉटच्या उशाशी एक दिवा, एक प्लग. "पोरी रात्री वाचतात," म्हणाले, "एकीच्या दिव्यानं दुसरीची झोप मोडाय नको." मालाचे पैसे घेतले. मजुरी विचारली की कानाला हात लावायचे. "वहिनी, लाजवता काय?"

त्या काळात त्यांची मुबश्शिरा कधीमधी वडलांबरोबर यायची. आठवीत होती. हातात पट्टी घेऊन भिंतीवर पेन्सिलनं खुणा करायची, आणि बोर्ड तिरका बसला तर बापाला ओरडायची. मला काकू म्हणायची. ऋतुजाच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातली चित्रं बघत बसायची.

घर तयार झालं, पण नुसत्या घराला पोरी कुठून येणार? नासिरभाऊ मला रविवारी एका हॉटेलात घेऊन गेले. तिथं घरमालक मंडळी चहाला जमायची. "ह्या माझ्या वहिनी," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "तुमच्याकडं जागा भरल्या की पोरी ह्यांच्याकडं पाठवा." तिथंच शिवगंगाबाईंची ओळख झाली. साठीची बाई, विधवा, तीन घरं आणि एक मेस एकटीनं चालवणारी. त्यांनी मला मोबाईलवरच्या घरमालकांच्या ग्रुपमध्ये घेतलं, डब्याची सोय लावून दिली, भाडेकराराचा कागद कसा करायचा, अनामत किती घ्यायची ते सांगितलं. त्या म्हणायच्या, "बाई, घर भाडं मिळवून देत नाही, ओळख मिळवून देते." त्यांच्या ओळखीनं मला पहिल्या सहा पोरी मिळाल्या. घर सांभाळायला नागम्मा मिळाली, बिदरकडची, एकटी. ती जिन्याखालच्या छोट्या खोलीत राहायची. जून संपेपर्यंत बारापैकी अकरा कॉट भरल्या. मी नांदेडला शाळेत शिकवत असायची आणि मनात कुठंतरी लातुरातल्या त्या खोल्यांत दिवे लागलेले दिसायचे. वैजनाथचं काहीतरी शिल्लक राहिलं असं वाटायचं.

दोन वर्षं नीट गेली. ऋतुजाला नांदेडलाच आयुर्वेदाला प्रवेश मिळाला, ती घरी आली. मग तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, नासिरभाऊंचा फोन आला.

"वहिनी, मुबश्शिराला दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले."

"अगं बाई! पेढे कुठायत भाऊ?"

"आणतो ना. पण एक काम हाय. तिला लातूरला क्लास लावून राहिलो. माझ्या माळ्यावर तर तिला ठेवता येत न्हाई. तुमच्याकडं एक कॉट ठेवा. भाडं जे सगळ्यांचं तेच."

"विचारायचं काय त्यात? तिचंच घर आहे ते."

हे मी म्हणाले. मनापासून म्हणाले. तीन नंबरच्या खोलीत एक जागा होती. तिथं राहणाऱ्या प्रियदर्शनीला मी त्याच रविवारी सांगितलंसुद्धा, की तुझ्या सोबतीला उदगीरची एक हुशार पोरगी येणार आहे, मुबश्शिरा तिचं नाव. प्रियदर्शनी हसून बरं म्हणाली. ती इस्लापूरची. शांत पोरगी, दिवसभर पुस्तकात.

बुधवारी तिचे वडील ग्यानोबा नांदेडला माझ्या घरी आले. सोबत हळदीची पिशवी. आपल्या शेतातली. पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मॅडम, राग मानू नगा," शेवटी म्हणाले. "आमच्या पोरीला दुसरी खोली भेटंल का?"

"का? काय त्रास आहे तिला?"

"त्रास न्हाई. ती नवी पोरगी येणार म्हणं. आमचं काय बी म्हणणं न्हाई बगा. पण आमचं खेडं हाय. पोरगी कुणासंगट राहती, काय खाती, बाया इचारतात. उद्या तिचं लगीन जमवायचं हाय."

मी त्यांना समजावलं. ती माझ्या घरातल्यासारखी आहे म्हटलं. ते मान हलवत राहिले. वाईट माणूस नव्हता. जाताना दारात म्हणाले, "मंग मी तिला शिवगंगाबाईंकडं ठेवतो. आणि मॅडम, पाच नंबरमधल्या दोघींचे बाप बी माझ्याशी बोलले हायत."

मी शिवगंगाबाईंना फोन लावला. मला वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे गेले तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उज्वला, तुझ्या मनात काही नाही, माझ्याही नाही. नासिर माझ्याकडे पंधरा वर्षं येतो. पण पालक पोरीला नेतो तेव्हा एकटीला नेत नाही, मैत्रिणींना घेऊन जातो. मग ग्रुपवर बोभाटा होतो. तुझं घर अजून नवं आहे, आणि तुला दोन हप्ते आहेत."

"मग मी त्यांना काय सांगू?"

"जागा आधीच भरली होती म्हण. सगळे तेच म्हणतात. त्यांनाही सवय असते."

ते शेवटचं वाक्य मला टोचलं. पण मी विचारलं नाही, कसली सवय म्हणून. त्या आठवड्यात आणखी एका पालकाचा फोन आला. मी मनातल्या मनात सहा कॉट रिकाम्या केल्या, पगारातून दोन्ही हप्ते वजा केले, ऋतुजाची फी वजा केली. ज्यांनी जामीन म्हणून सह्या केल्या होत्या त्या दोघांचे चेहरे डोळ्यांपुढे आणले. शनिवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून नासिरभाऊंना फोन केला.

"भाऊ, एक घोळ झालाय. ती कॉट नागम्मानं आधीच कुणाला तरी देऊन टाकली होती. मला माहीतच नव्हतं."

पलीकडे कुठंतरी ड्रिल मशीन चालू होतं, ते थांबलं.

"बरं वहिनी," ते म्हणाले. "काही हरकत नाही."

"मी दुसरीकडे बघते ना. शिवगंगाबाईंना..."

"नका. मी बघतो. तुम्ही काळजी करू नका."

एवढंच. मीच त्यांना फसवत होते आणि काळजी करू नका असं तेच मला म्हणाले.

पेढे आले नाहीत. मी त्याची आठवण काढली नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी मी लातूरला गेले. आठवडाभर पावसाची झड होती. घरात शिरले तर तीन नंबरच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत नासिरभाऊ स्टुलावर उभे होते. प्रियदर्शनी क्लासला गेली होती. दुसरी कॉट भिंतीला लागून तशीच होती, गादी गुंडाळून वर दोरी बांधलेली, वर जुनं वर्तमानपत्र टाकलेलं. ती कॉट अजून कुणी घेतली नव्हती.

"भाऊ, तुम्ही कधी आलात?"

"नागम्मानं फोन केला. सारखी लाईट जाऊन राहिली होती म्हणे घरातली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "खिडकीतून पाणी झिरपून बोर्डात उतरलंय. आधी एक जण येऊन गेला, त्याला सापडलं न्हाई. वायर भिंतीत कुठून गेलीय ते माहीत पाहिजे ना."

त्यांनी हत्यारांची पिशवी फरशीवर ठेवली होती. रिकामी कॉट शेजारी असताना फरशीवर. मी दारात उभी राहिले. मला म्हणायचं होतं, भाऊ बसा, मला बोलायचंय. त्यांनी बोर्ड बंद केला, खाली येऊन मेन स्विच चालू केला, सगळ्या खोल्यांतले दिवे एकदा लावून बघितले.

नेहमीप्रमाणे मी विचारलं, "किती झाले भाऊ?"

"साडेतीनशे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पन्नास रुपयांचं सॉकेट, तीनशे मजुरी," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. रागाचा मागमूस नाही. मी पाचशेची नोट दिली. त्यांनी खिशातून दीडशे काढले, नीट मोजून माझ्या हातावर ठेवले. "येतो वहिनी," म्हणाले, आणि पावसात मोटारसायकल काढून गेले. नागम्मा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली. मला ती भाषा येत नाही, पण ती माझ्याकडे बघून बोलली नाही हे मला कळलं.

ऋतुजाला मी तीच थाप मारली होती. तिला ती ऑगस्टमध्ये कळली. मुबश्शिरानं सांगितलं नव्हतं. प्रियदर्शनीशी फोनवर बोलताना निघालं, की ती कॉट अजून रिकामीच आहे. ऋतुजा जेवायला बसली होती. हातातला घास तिनं खाली ठेवला.

"आई, मुबश्शिरा उदगीरहून अप-डाऊन करतेय. पहाटे साडेचारची बस. तुला माहितीय?"

मी तिच्या ताटात भाजी वाढायला घेतली, तिनं ताट मागं ओढलं.

"अप्पा असते तर त्यांना काय सांगितलं असतंस?"

ती आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. नंतर बोलायला लागली, पण लातूरच्या घराचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

मुबश्शिराचं अप-डाऊन दिवाळीपर्यंत चाललं. क्लास सातला सुरू, परीक्षा संध्याकाळी. घरी पोचायला रात्रीचे नऊ. नासिरभाऊंनी लातुरात आणखी चार-पाच ठिकाणी खोली विचारली होती म्हणे. सगळीकडे जागा आधीच भरलेल्या होत्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या नात्यातल्या एका घरी ती महिनाभर राहिली. तिथं लहान पोरं, अभ्यास होईना. डिसेंबरात तिला टायफॉइड झाला. जानेवारीत तिनं क्लास सोडला आणि ती उदगीरच्या कॉलेजात बसू लागली. हे सगळं मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, घरमालकांच्या चहात, नागम्माकडून. नासिरभाऊ त्या चहाला येईनासे झाले होते.

फेब्रुवारीत एका रविवारी मी घराच्या मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होते. प्रियदर्शनी वही घेऊन लिंबाखाली बसली होती. एकदम म्हणाली,

"मॅडम, ती मुबश्शिरा मग आलीच न्हाई, का बरं?"

मी थांबले. "तुला माहीत नाही? तुझे वडीलच आले होते माझ्याकडे."

"आमचे बाबा?" ती गोंधळली. "कशाला?"

मी सांगितलं. ती ऐकताना लाल होत गेली. वहीच्या कडा दुमडत राहिली.

"मला चाललं असतं की मॅडम," ती म्हणाली. "मी बाबांना नुस्तं सांगितलं हुतं की नवी मैत्रीण येनार. मला कुणी इचारलंच न्हाई."

मलाही ते सुचलं नव्हतं. त्या खोलीत जी राहत होती तिला विचारावं, हे ग्यानोबांना सुचलं नाही, शिवगंगाबाईंना सुचलं नाही, आणि वीस वर्षं पोरींना शिकवणाऱ्या मला सुचलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी रजा टाकली आणि उदगीरला गेले. दुपारची नमाज होऊन नासिरभाऊ घरी आले होते. मला दारात बघून ते पटकन उठले. "या वहिनी, या," म्हणाले, खुर्ची पुसून दिली. त्यांच्या आई, जन्नतबी, पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "वैजूची पोरगी कशी हाय? डाक्टर झाली का?" त्या माऊलीला बहुतेक काही माहीत नव्हतं. किंवा होतं. मला आजही सांगता येणार नाही.

चहा यायच्या आत मी बोलून टाकलं. थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

"भाऊ, कॉट भरली नव्हती. मी खोटं बोलले."

"माहीत हाय वहिनी."

"पालक आले होते. सहा पोरी गेल्या असत्या. मला हप्त्यांची भीती वाटली."

"तेबी माहीत हाय. तुमचा हप्ता किती ते मला पाठ हाय. बँकेत मी शेजारीच बसलो होतो." ते जमिनीकडे बघत होते. "तुम्ही मला खरं सांगितलं असतं ना वहिनी, तर मीच म्हणलो असतो, राहू द्या. मला ह्याची नवलाई न्हाई. लोकांच्या घरात दिवे लावून राहिलो आयुष्यभर, आन् त्यातल्या कितीक घरांत मला भाड्यानं खोली भेटली नसती, ते मला ठाऊक हाय. पण तुमचं घर मी त्यांच्यात धरलं नव्हतं."

मी रडायला लागले. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले,

"माझं जाऊ द्या. पोरीला काय सांगावं ते कळंना मला. लातूरला आपलं घर हाय, अब्बानं सगळी वायर टाकली, असं ती शाळेत सांगत फिरत होती."

मुबश्शिरा चहा घेऊन आली. उंच झाली होती, आजारानं गाल बसलेले. "सलाम काकू," म्हणाली. कप माझ्या हातात देऊन ती आजीजवळ उभी राहिली. मी तिला म्हटलं,

"बाळा, आता ये. बारावीचं वर्ष हातात आहे. तुला स्वतंत्र खोली देते. एक पैसा नको."

तिनं वडलांकडे पाहिलं.

"फुकट कशाला वहिनी," नासिरभाऊ म्हणाले. "ती भाडं देऊनच राहणार होती."

मुबश्शिरा म्हणाली, "काकू, मी इथंच करतेय आता. फार्मसीला जायचं म्हणतेय. ऋतुजाताईला माझा सलाम सांगा." ती चांगल्या आवाजात बोलली, त्यात कडवटपणा नव्हता. मला वाटत होतं, तिनं निदान एकदा ओरडावं माझ्यावर. लहानपणी तिरक्या बोर्डासाठी बापावर ओरडायची तशी. ती ओरडली नाही.

जन्नतबींनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. माझ्यासाठी वेगळी वरणाची फोडणी दिली, पोळ्या केल्या. मी जेवले. तेवढा जड घास मी वैजनाथच्या दिवसांतही गिळला नव्हता. नासिरभाऊंनी मला स्टँडवर सोडलं, गर्दीत खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरली. बस निघताना मी म्हटलं, "भाऊ, फोन करत जा." ते म्हणाले, "हाव वहिनी."

फोन आला नाही. त्या उन्हाळ्यात त्यांनी लातूरचं दुकान विकलं आणि बिदरला एका मोठ्या कामावर गेले. ईदला मी मेसेज पाठवते, त्यांचं उत्तर येतं, दोन शब्दांचं. मुबश्शिरा फार्मसीला लागली. ऋतुजा तिच्याशी बोलते; काय बोलतात ते मला सांगत नाही.

ह्या वर्षी जूनमध्ये कंधारहून एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. दोघी बुरख्यात. मी त्या रविवारी लातुरातच होते. बाई पायरीवरच थांबली, आत आली नाही. भाडं विचारलं नाही, पाणी किती वेळ येतं विचारलं नाही. आधी म्हणाली,

"ताई, आम्ही मुसलमान आहोत. चालंल का? न्हाई म्हणलं तरी काही वाटून घेणार न्हाई, नुस्तं खरं सांगा. सकाळपासून फिरून राहिलो."

"चालेल," मी म्हटलं. "आत या."

तिच्या लेकीला मी तीन नंबरच्या खोलीतलीच कॉट दिली. ह्या वेळी मी आधी त्या खोलीतल्या पोरीला विचारलं, आणि ग्रुपवर स्वतःहून लिहून टाकलं. शिवगंगाबाईंनी फोन केला नाही. दोन पालक आले. बोलून बघितलं, ऐकेनात, आपल्या पोरी घेऊन गेले. मी त्यांची अनामत परत केली आणि पुढच्या महिन्यांसाठी शाळेतल्या सहकाऱ्यांना आधीच कल्पना देऊन ठेवली, की कदाचित हप्ता चुकेल.

हप्ता चुकला नाही. त्या दोन कॉट अठरा दिवस रिकाम्या राहिल्या, मग निलंग्याच्या दोन बहिणी आल्या.

अठरा दिवस. मी तीन वर्षांपूर्वी ज्याला घाबरले होते, ते एवढंच होतं.